बोगद्यातली हवा : पोर्टलच्या पंख्यापासून फेसवरच्या माणसापर्यंत

पोर्टलवर, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी, पंख्याचा आवाज कानठळ्या बसवतो आणि त्या आवाजावरच बहुतेकांचे समाधान होते. पंखा चालू आहे, म्हणजे आत हवा आहे. पण १२०० मीटर आत डक्टच्या (हवा नेणाऱ्या मोठ्या नळीच्या) शेवटच्या तोंडासमोर रुमाल धरला तर तो नुसता लोंबत राहतो, असेही अनेकदा घडते. बोगद्याच्या वायुवीजनात एकच आकडा खरा : फेसवर, म्हणजे खोदाई चालू असलेल्या टोकाला, पोचलेली हवा. पंख्याच्या पाटीवरची क्षमता, खरेदीच्या कागदावरचे किलोवॅट, डक्टचा व्यास हे सगळे त्या आकड्यासाठी केलेले खटाटोप. हा लेख त्या खटाटोपाच्या क्रमाने जातो : आधी गणित, मग पंखा आणि डक्ट, मग ब्लास्टनंतरचा अर्धा-पाऊण तास, धूळ, मोजमाप आणि नेहमीचे बिघाड.

गोव्यातला डोंगर आणि गोव्यातली हवा

गोव्याला बोगदे नवे नाहीत. कुळे ते कॅसलरॉक हा घाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बोगदे खणूनच चढला. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने पेडण्यात सुमारे दीड किलोमीटरचा आणि दक्षिणेला बार्सेत ३ किलोमीटरहून लांब बोगदा खणला. पेडण्याच्या बोगद्याने खणताना घाम फोडला. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये तिथे भिंतीचा भाग कोसळला आणि जुलै २०२४ मध्ये पाणी-चिखल आत आल्याने गाड्या थांबल्या.

खडक कुठला, यावर हवेचा प्रश्न ठरतो. वर जांभा आणि खाली शेडी (मऊ चिकणमाती) असेल तर ब्लास्टिंग कमी, पण पाणी, चिखल आणि हळू चाल. काम हळू म्हणजे त्याच जागी एक्स्कॅव्हेटर तासन् तास धूर ओकत उभा. काणकोणकडच्या ग्नाइसमध्ये किंवा क्वार्ट्झाइटच्या पट्ट्यात मोकळा सिलिका भरपूर, म्हणून धूळ हा पहिला शत्रू. सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या बेसाल्टमध्ये तो कमी. खाडीकाठी, खाजनांच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या) खालून किंवा खारफुटीच्या गाळातून जायचे असेल तर कुजलेल्या सेंद्रिय मातीतून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन येऊ शकतो. तिथे प्रोब होल (पुढची जमीन तपासायचे लांब भोक) मारून गॅस तपासल्याशिवाय पुढे सरकू नये.

दुसरी गोष्ट दमटपणा. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत कामाच्या जागी ओल्या काट्याचे (ओले फडके गुंडाळलेल्या थर्मामीटरचे, ज्यात दमटपणाही कळतो) तापमान २९ अंशांच्या वर जाऊ नये, असे म्हटले आहे. मे महिन्यात किनाऱ्याजवळ बाहेरच ओला काटा २६-२७ ला टेकलेला असतो. म्हणजे हातात दोन-तीन अंश. त्यातही पंखा स्वतः हवा तापवतो, कारण मोटरची सगळी ऊर्जा शेवटी उष्णताच होते. पुढच्या उदाहरणातला पंखा हवेचे तापमान सुमारे २ अंशांनी वाढवतो. थंड प्रदेशातल्या बोगद्याचा आराखडा उचलून इथे लावला की पहिला फटका इथे बसतो.

पायरी १ : किती हवा लागेल

तीन हिशेब वेगवेगळे करायचे. समजा बोगदा १५०० मीटर, खोदाईचे क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर, आत एका वेळी ३० माणसे.

माणसांचा हिशेब : त्याच १९९८ च्या नियमांत दर कामगारामागे मिनिटाला ६ घनमीटर ताजी हवा सांगितली आहे. ३० × ६ = १८० घनमीटर मिनिटाला, म्हणजे सेकंदाला ३.

वेगाचा हिशेब : नियमानुसार हवेची हालचाल मिनिटाला किमान ९ मीटर, म्हणजे सेकंदाला ०.१५ मीटर. ४८ चौरस मीटरला ७.२ घनमीटर प्रति सेकंद. इतक्या वेगाने धूळ जेमतेम सरकते, ०.३ मीटर धरला तर १४.४ घनमीटर लागतात आणि फेसवर काम करणाऱ्याला फरक जाणवतो.

डिझेलचा हिशेब : हाच बहुतेक ठिकाणी सगळ्यांवर मात करतो. इंजिनच्या दर किलोवॅटमागे मिनिटाला ४ घनमीटर हा सर्वसाधारण ठोकताळा. १५० किलोवॅटचा लोडर आणि १८० किलोवॅटचे दोन डंपर मिळून ५१० किलोवॅट. सगळी इंजिने सतत पूर्ण भारावर नसतात म्हणून ०.७५ ने गुणले की ३८२. त्याला ४ ने गुणून १५३० घनमीटर प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला २५.५. त्यात माणसांचे ३ मिळवून फेसवर २८.५ घनमीटर प्रति सेकंद.

इथे एक नेहमीची चलाखी होते. टेंडरच्या वेळी दोन डंपर धरलेले असतात, वेळापत्रक मागे पडले की चार लावतात, पंखा मात्र तोच राहतो. डंपर वाढवायचे असतील तर हवेचा हिशेब पुन्हा करावा, किंवा फेसजवळ एका वेळी किती गाड्या उभ्या राहतील यावर मर्यादा लिहून टांगावी. इंजिन चालू ठेवून रांगेत थांबणे बंद केले तरी मोठा फरक पडतो.

पायरी २ : गळती जमेस धरा

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद. फेसवर २८.५ हवे असेल तर पंख्याने त्याहून जास्त द्यायला हवे, कारण डक्ट गळतो. चांगल्या, नीट जोडलेल्या डक्टमध्ये दर १०० मीटरला दीड टक्का गळती धरली तर १५०० मीटरनंतर सुमारे ८० टक्के हवा उरते. म्हणजे पंख्याने ३५.८ द्यायला हवे. आता हाच डक्ट ठिगळांचा, चेन उसवलेला, दर १०० मीटरला ५ टक्के गळणारा असेल तर तोच पंखा, तेच वीजबिल, आणि फेसवर पोचतात १६.६ घनमीटर. निम्म्याहून जास्त हवा वाटेतच सांडली. पोर्टलवर आवाज तेवढाच.

एका भोकाची किंमतही काढून बघा. पंख्याजवळ डक्टमध्ये १६०० पास्कल दाब असतो. तिथे तळहाताएवढे, १० बाय १० सेंटीमीटरचे भोक पडले तर सेकंदाला सुमारे ०.३४ घनमीटर हवा निसटते. नियमाने एका कामगाराला ०.१ लागते, म्हणजे त्या एका भोकातून तीन माणसांची हवा गेली. फेसजवळच्या तसल्याच भोकाने फारसे बिघडत नाही, कारण तिथे दाब कमी. म्हणून ठिगळ लावणारी माणसे कमी असतील तर त्यांना पोर्टलकडून आत पाठवा.

पायरी ३ : डक्टचा व्यास, मग पंखा

बहुतेक जण उलट करतात : गोदामात पडलेला पंखा आणतात आणि त्याच्या तोंडाला बसेल तो डक्ट लावतात. आधी बोगद्यात मावेल तेवढा मोठा डक्ट ठरवा. डंपर टप वर करून उभा असताना त्याच्या वर किमान अर्धा मीटर मोकळा हवा.

आपल्या उदाहरणात १.८ मीटर व्यासाचा डक्ट घेतला तर १५०० मीटरला घर्षणाने सुमारे १४०० पास्कल दाब जातो. वळणे, सायलेन्सर, तोंडाचा तोटा धरून १७००. पंख्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर शाफ्टवर ८७ किलोवॅट, म्हणजे ५५ किलोवॅटच्या दोन मोटरींचा एकापाठोपाठ बसवलेला जोडपंखा पुरतो. तोच डक्ट १.५ मीटरचा घेतला तर घर्षणाचा तोटा अडीच पट, जवळजवळ ३५०० पास्कल. व्यास कमी केला की त्याच्या पाचव्या घाताने दाब वाढतो, ही गोष्ट खरेदी विभागाच्या भिंतीवर लिहून ठेवावी. डक्टमध्ये वाचवलेले पैसे वीजबिलात काही महिन्यांत परत जातात.

पंखा फ्रीक्वेन्सी ड्राइव्हवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) घ्या. काम सुरू होताना बोगदा १०० मीटरचा असतो, तेव्हा पूर्ण वेगाची गरज नसते. शिवाय चालू करताना वेग हळूहळू वाढवता येतो. एकदम झटक्याने चालू केलेला पंखा मोकळ्या पडलेल्या डक्टला चाबकासारखा फटकावतो आणि शिवण उसवते.

फुंकायचे की ओढायचे

एकाच बाजूने खणल्या जाणाऱ्या बोगद्यात सहसा फुंकणारी पद्धत असते : पंखा बाहेर, डक्टमधून ताजी हवा फेसवर, आणि वापरलेली हवा पूर्ण बोगद्यातून परत पोर्टलकडे. फेस लवकर साफ होतो, कारण डक्टमधून सुटलेली हवा झोतासारखी पुढे जाते. तोटा असा की बाकीच्या बोगद्यात काम करणारे सगळे जण फेसचा धूर हुंगतात. ओढणारी पद्धत उलटी, बोगदा स्वच्छ राहतो, पण डक्टचे तोंड फेसपासून जरा दूर गेले की फेसवर काहीच पोचत नाही. पाण्यात स्ट्रॉ ठेवून ओढल्यासारखे, तोंडाभोवतीचेच खेचले जाते. त्यात मऊ डक्ट चालत नाही, आत चपटा होतो. कडक किंवा स्पायरल वायरचा लागतो. खडक खरवडणाऱ्या रोडहेडरसारखे धूळ करणारे यंत्र असेल तर मिश्र पद्धत : मुख्य डक्टने फुंकायचे आणि यंत्राजवळून धूळ ओढून फिल्टरमधून सोडायची. गोव्यातल्या ड्रिल-ब्लास्ट बोगद्यांना दीड-दोन किलोमीटरपर्यंत फुंकणारी पद्धत पुरते.

पायरी ४ : बसवणे

पंखा पोर्टलच्या तोंडात नको. बोगद्यातून बाहेर पडणारी घाण हवा पंखा पुन्हा आत ओढतो आणि मग आतली माणसे तीच तीच हवा श्वासात घेतात. पोर्टलपासून किमान २० ते ३० मीटर बाजूला, जमिनीपासून उंच फ्रेमवर, जनरेटरच्या धुराड्यापासून आणि डंपरच्या वाटेपासून दूर. गोव्यात पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून. पश्चिमेकडे तोंड असलेल्या पोर्टलवर तो धूर आत ढकलून धरतो. त्यामुळे पंख्याची जागा ठरवताना जून ते सप्टेंबरचा वारा बघा, फेब्रुवारीतल्या साइट व्हिजिटचा नको. पंख्याच्या तोंडावर पावसाचे छप्पर आणि जाळी हवी. जाळीवर पाला-प्लास्टिक जमले तर तोंड अडते आणि आवाज बदलतो.

डक्टसाठी माथ्यात ८ किंवा १० मिलिमीटरची वायर रोप ताणा, अँकर दर दीड-दोन मीटरला. डक्ट हूकवर टांगायचा, रोप सैल सोडायची नाही. सैल रोपवर डक्टला पोट सुटते, पावसाळ्यात त्यात घामाचे पाणी साचते, आणि ५० लिटर पाण्याचे पोट सुटले की शिवण तिथेच जाते. खालच्या बाजूला झडपेची छोटी ड्रेन ठेवली की हा त्रास टळतो. तुकडे शक्य तितके लांब घ्या. १०० मीटरला एक सांधा आणि पाच सांधे यात गळतीचा फरक आपोआप दिसतो. वळणावर कडक बेंड लावा, मऊ डक्ट मुरडू नका.

डक्टचे शेवटचे तोंड फेसपासून किती दूर? क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या पाच पट हा जुना आणि चांगला नियम. ४८ चे वर्गमूळ सुमारे ७, म्हणजे ३५ मीटर. त्याहून दूर गेले की झोत फेसपर्यंत न जाता मध्येच वळतो आणि फेसजवळ मेलेल्या हवेचा खिसा राहतो. प्रत्यक्षात २५-३० मीटरवर ठेवा, आणि शेवटचा १०-१५ मीटरचा तुकडा जुना, ठिगळांचा वापरा. ब्लास्टचे दगड लागून तोच फाटतो, मग चांगला डक्ट वाचतो. दर दोन-तीन ब्लास्टनंतर तोंड पुढे नेण्याचे काम कुणाच्या तरी नावावर लिहिलेले हवे. नाहीतर ते कुणाचेच नसते.

लायनिंगची (आतल्या काँक्रीट अस्तराची) गॅन्ट्री, म्हणजे सरकता सांगाडा, लागली की डक्ट तिच्यातून काढावा लागतो. डक्ट सगळ्यात जास्त तिथेच फाटतो. गॅन्ट्रीत पत्र्याचा कडक तुकडा कायमचा बसवून दोन्ही बाजूंना मऊ डक्ट जोडला तर गॅन्ट्री सरकवताना कपडा घासत नाही.

पायरी ५ : ब्लास्टनंतर

समजा एका फेरीत १८० किलो स्फोटक. गणितासाठी किलोमागे ४० लिटर कार्बन मोनॉक्साइड धरतात, म्हणजे ७.२ घनमीटर. तो फेसपासून ६० मीटरपर्यंत पसरला तर २८८० घनमीटर हवेत, म्हणजे सुमारे २५०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५०० भाग). एवढ्यात काही मिनिटांतच डोके गरगरते आणि अर्ध्या-पाऊण तासात माणूस कोसळू शकतो. ते २५ पीपीएमपर्यंत, म्हणजे शंभरपट पातळ करायला फेसवर २८.५ घनमीटर हवा असेल तर कागदावर ८ मिनिटे. हवा नीट मिसळत नाही म्हणून प्रत्यक्षात दुप्पट धरा. फेसवर १६.६ पोचत असेल तर कागदावरच १३ मिनिटे होतात.

पण फेस साफ झाला म्हणजे बोगदा साफ झाला असे नाही. तो धूर गोळ्यासारखा मागे सरकतो. ४८ चौरस मीटरमधून २८.५ घनमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ०.६ मीटर. १४०० मीटर चालायला ४० मिनिटे. लायनिंगवाले, पंपवाला, इलेक्ट्रिशियन यांना "तीनशे मीटर मागे व्हा" म्हणून सांगतात. ते ३०० मीटरवर थांबतात आणि आठव्या-नवव्या मिनिटाला धुराचा तो गोळा त्यांच्यावरून जातो. ब्लास्टच्या वेळी सगळे पोर्टलबाहेर, दाराशी हजेरीचे टोकन मोजून. हजेरी जुळल्याशिवाय ब्लास्टरच्या हातात किल्ली नाही.

क्रम असा : ब्लास्ट, पंखा पूर्ण वेगाने चालूच, किमान ३० मिनिटे आणि पोर्टलवर दिसणारा धूर ओसरेपर्यंत थांबणे, मग मीटर घेऊन दोघांनी आत जाणे, एकट्याने नव्हे, वाटेत दर १०० मीटरला थांबून वाचन, फेसवर डोक्याच्या आणि गुडघ्याच्या उंचीवर वाचन, मग मकवर (फुटलेल्या दगडांच्या ढिगावर) पाणी मारणे, मगच ब्लास्टरने न फुटलेली भोके बघणे, आणि शेवटी लोडर. मकवर पाणी नुसत्या धुळीसाठी नाही. दगडांच्या ढिगात कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रस धूर अडकून राहतो आणि लोडरने बादली घातली की पुन्हा सुटतो. मकिंगच्या पहिल्या १५-२० मिनिटांत आकडा परत वर गेला तर आश्चर्य मानू नका. लोडरवाल्याच्या खिशात मीटर हवा तो याचसाठी.

धूर तांबूस-नारिंगी दिसला तर तो नायट्रोजन डायऑक्साइड. पाणी भरलेल्या भोकांत पाण्याला न टिकणारे स्फोटक भरले किंवा चार्ज अर्धवट जळला, असा त्याचा अर्थ. पावसाळ्यात इथे भोके पाण्याने भरतातच, म्हणून इमल्शन काडतुसे वापरा. या वायूचा कावा असा की श्वासात गेल्यावर लगेच फारसे काही होत नाही; थोडा खोकला येतो, माणूस घरी जातो, आणि काही तासांनी, कधी रात्रभराने, फुप्फुसांत पाणी भरते. नारिंगी धुरात सापडलेल्या माणसाला "बरा आहे" म्हणून खोलीवर पाठवू नये. त्याला डॉक्टरकडे न्यावे, वायूचे नाव सांगावे, रात्रभर देखरेखीखाली ठेवावे.

अमोनियाचा उग्र वास आला तर वेगळे कारण : अर्धवट फुटलेल्या स्फोटकातले अमोनियम नायट्रेट आणि शॉटक्रीटचे (भिंतीवर फवारलेल्या काँक्रीटचे) पडलेले ओले सिमेंट एकत्र आले. भिंतीवरून उसळून पडलेला हा रिबाउंड वेळेवर उचलला तर वास येत नाही.

धूळ

डोळ्यांना दिसणारी धूळ बरी. ती नाकात अडकते, खाली बसते. मारते ती ५ मायक्रॉनहून बारीक, जी दिव्याच्या झोतातच चमकते आणि तासन् तास तरंगते. सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारावर उपचार नाही, त्यामुळे इथे उशिरा सुचलेले शहाणपण कामाचे नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट बोगद्यावर १९३०-३१ मध्ये सिलिका असलेल्या खडकात कोरडे ड्रिलिंग झाले आणि शेकडो कामगार मेले.

ड्रिलिंग फक्त ओले. जॅकहॅमरला पाण्याची नळी लावलेली असते, पण पाण्याचा दाब कमी पडला की कामगार कोरडेच चालवतात, कारण फेरी संपवायची घाई. पाण्याचा दाब हवेच्या दाबाहून कमी झाला तर पाणी भोकात जातच नाही. म्हणून दोन्ही गेज शेजारी शेजारी लावा. शॉटक्रीट ओल्या मिश्रणाचे. हमरस्त्यावर दिवसातून दोन-तीनदा पाणी, पण चिखल होईल इतके नाही. फेसच्या मागे ३०-४० मीटरवर नोझलची पाण्याची चादर लावली तर ब्लास्टची धूळ बरीच बसते. मात्र हे पाणी हवेत ओलावा वाढवते. मे महिन्यात ओला काटा २८ वर असेल तर फवारणी बेतानेच.

मास्कबद्दल थोडक्यात : एन९५ धूळ अडवतो, वायू अडवत नाही. दाढीवर तो बसत नाही. घामाने भिजला की बदलायचा. दमट हवेत एका पाळीला दोन लागतात.

पायरी ६ : मोजणे

नेहमीच्या चार-वायू मीटरमध्ये ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असतात. नायट्रोजन डायऑक्साइड नसतो. ब्लास्ट आणि डिझेलच्या बोगद्यात तोच हवा. पाचवा सेन्सर मागून घ्या.

कामापुरते आकडे : ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर बाहेर. कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांसाठी कार्बन मोनॉक्साइड ५० पीपीएम, नायट्रोजन डायऑक्साइड ३, हायड्रोजन सल्फाइड १०, अमोनिया २५ असे आकडे होते. हे जुने आहेत; अलीकडचे वैद्यकीय निकष खूप कडक आहेत. कार्बन मोनॉक्साइडला २५ आणि नायट्रोजन डायऑक्साइडला १ वर अलार्म लावणे शहाणपणाचे.

ज्वलनशील वायूचे वाचन नेहमी चुकीचे वाचले जाते. मीटरवर "२०" दिसले म्हणजे हवेत २० टक्के मिथेन नाही. ते स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या २० टक्के; मिथेनची ती मर्यादा ५ टक्के, म्हणजे हवेत १ टक्का. १० ला कारण शोधा, वेल्डिंग थांबवा. २० ला वीज तोडा, माणसे बाहेर काढा. पंख्याची वीज मात्र वेगळ्या लाइनवर हवी, नाहीतर गॅस आला की पंखाच बंद. मिथेन माथ्याजवळ जमतो, त्यामुळे मीटर काठीला बांधून वर न्या. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड खालच्या बाजूला, पंपाच्या खड्ड्यात, खोल नाल्यात.

मीटर रोज सकाळी चाचणी-गॅसवर तपासा. तारखेचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र पुरेसे नाही. काल पाण्यात पडलेला मीटर आजही शून्यच दाखवतो, आणि शून्य बघून सगळे खूश.

हवेचा वेग मोजायला व्हेन अॅनिमोमीटर. आठवड्यातून एकदा डक्टच्या तोंडावर ९ बिंदूंवर वेग, सरासरी, गुणिले क्षेत्रफळ. १.८ मीटरच्या तोंडाचे क्षेत्रफळ २.५४ चौरस मीटर, २८.५ घनमीटर हवे तर सरासरी ११ मीटर प्रति सेकंद दिसायला हवी. त्याच दिवशी पंख्याजवळच्या मोजणीच्या तोंडातून पिटोट नळीने (प्रवाहाचा दाब मोजणाऱ्या नळीने) डक्टमधला प्रवाह. दोन्हींचे गुणोत्तर हीच डक्टची तब्येत. ते ०.८ वरून ०.६५ वर आले तर मोठी मोटर मागवण्याआधी शिडी आणि ठिगळे घेऊन निघा. फेसवर ओल्या-कोरड्या काट्याचे वाचन दर तासाला वहीत.

नेहमीचे बिघाड

फेसवर हवा नाही, पंखा चालू, डक्ट पोर्टलजवळच चपटा : फेज, म्हणजे विजेच्या तीन तारांचा क्रम, उलटे. वीज गेली, जनरेटर लावला, केबल बदलली, आणि पंखा उलटा फिरतोय. पंख्याच्या खोक्यावर बाणाची खूण रंगवा, फेज सिक्वेन्स रिले लावा. पावसाळ्यात वीज वारंवार जाते तेव्हा हा बिघाड हमखास.

डक्ट फुगलेला, घट्ट, पण तोंडाला हवा कमी : मध्ये कुठेतरी चिमटला आहे, बहुतेक वेळा गॅन्ट्रीत किंवा केबलखाली. डक्ट ढिला आणि तोंडाला कमी : भोक, तेही पंख्याजवळ. पोर्टलजवळ धूर रेंगाळतो : वारा आत ढकलतो आहे, वादळी दिवशी ब्लास्टची वेळ बदला किंवा पोर्टलवर पडदा लावा. धूर कुठे वळतोय ते बघायला उदबत्ती सोयीची, पण गॅसचा संशय असलेल्या बोगद्यात तिचे नावही काढू नये.

पंखा बंद पडला तर आधी सगळी डिझेल इंजिने बंद, मग १० मिनिटे वाट. पंखा परत चालू झाला नाही तर माणसे पायी बाहेर. जनरेटरची क्षमता ठरवताना पंखा पहिला, बाकी नंतर. आणि हवेच्या कॉम्प्रेसरची लोखंडी पाइपलाइन फेसपर्यंत, जमिनीलगत, संरक्षित ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडच्या सिल्क्यारा बोगद्यात ४१ कामगार अडकले तेव्हा सुरुवातीचे दिवस आधीपासून असलेल्या ४ इंची पाइपने त्यांना ऑक्सिजन आणि खाणे पोचवले.

चवथीची सुट्टी

चवथीला (गणेश चतुर्थीला) साइट चार-पाच दिवस बंद असते. पंखाही बंद. परतल्यावर पहिला माणूस पंप चालू करायला थेट आत जातो, आणि ही वर्षातली सगळ्यात धोक्याची चाल. बंद बोगद्यात पाण्यातून, गाळातून, सडलेल्या लाकडी टेकूंमधून वायू साचतात, ऑक्सिजन घटतो, आणि खोल टोकाला हवा हलतच नाही. आत पाऊल टाकण्याआधी पंखा किमान तासभर पूर्ण वेगाने, मग मीटरसह दोघे, पंपाच्या खड्ड्यात मीटर दोरीने सोडून वाचन, मग बाकीचे. शक्य असेल तर सुट्टीतही ड्राइव्हवर कमी वेगाने पंखा चालू ठेवा आणि रखवालदाराला त्याचे कारण सांगा, म्हणजे आवाजाचा त्रास होतो म्हणून तो रात्री बंद करणार नाही. सूचनांचे फलक इंग्रजीत एकट्या सुरक्षा अधिकाऱ्यासाठी नकोत. इथे फेसवरचे बहुतेक कामगार झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेशचे. हिंदी आणि ओडियात, चित्रांसह लावा.

आरपार झाल्यावर

दोन्ही बाजूंनी खणलेला बोगदा मिळाला की वारा आपोआप वाहतो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी डक्ट उतरवायला माणसे लावतो. थांबा. आत तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, त्यामुळे नैसर्गिक वाऱ्याची दिशा सकाळ-संध्याकाळ उलटते आणि मध्ये काही तास तो चक्क थांबतो. पुढे लायनिंग, वॉटरप्रूफिंग पडद्याचे वेल्डिंग, नाले, केबल ट्रे यांसाठी आत गाड्या असतातच. आरपार झाल्यावर किमान दोन आठवडे दर तासाला मध्यावर वेग आणि दिशा नोंदवा. वाऱ्याच्या विरुद्ध फुंकणारा पंखा असेल तर मधोमध धूर अडकतो. अशा वेळी एका बाजूचा पंखा बंद करून दुसरा वाऱ्याच्या दिशेने चालवा. नोंदींत सलग शांत तास दिसत असतील तर डक्ट काढल्यावर माथ्यात दोन-तीन जेट फॅन (डक्टशिवाय हवा पुढे ढकलणारे पंखे) टांगावे लागतील. त्यांचे अँकर लायनिंगच्या आधीच बसवून घ्या, नंतर काँक्रीट फोडावे लागते.